चापावर हात कुणाचा

१

सकाळच्या पाळीला चाचणीच्या बोगद्यात सुभेदारानं दोरी ओढली, बंदुकीनं तीन गोळ्या झाडल्या, आणि निशाणाची पाटी काढायला तो पुढे गेला तेव्हा पाटीखालच्या वाळूत दादा पडलेला होता. छातीत गोळी. डोळे उघडे.

दादा म्हणजे कारखान्याचा चाचणीप्रमुख. फाटकावरच्या रखवालदारापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला दादाच म्हणत. साहेबांच्या बायकोचा तर तो सख्खा थोरला भाऊ. त्यानं हात लावल्याशिवाय या कारखान्यातली एकही बंदूक फौजेकडे जात नसे.

तपासनीस बाई पोचल्या तेव्हा सुभेदार बोगद्याच्या तोंडाशी उकिडवा बसला होता. फौजेतून निवृत्त झालेला, अंगानं पहाडासारखा माणूस. पण थंडी भरल्यासारखा कापत होता.

"मी मारलं बाई," तो एवढंच म्हणत होता. "हिरवा दिवा होता. मी हाक दिली, 'मैदान मोकळं?' कोणी बोललं नाही. मी ओढली दोरी. मीच मारलं."

बाई आत शिरल्या आणि त्यांचे हातपाय गार पडले. ही त्यांची जुनी भीती. एकदा एका चकमकीत त्या मोटारीखाली अडकल्या होत्या आणि वर गोळ्या चालू होत्या. तेव्हापासून दार आपटलं तरी काळजाचा ठोका चुकायचा. खात्यात हे कुणाला माहीत नव्हतं. आणि आज वरिष्ठांनी नेमकं त्यांनाच बंदुकीच्या कारखान्यात धाडलं होतं.

बोगदा लांबलचक, कारखान्याच्या पोटातून गेलेला. अलीकडच्या टोकाला शिकंजा. म्हणजे बंदूक घट्ट आवळून धरणारं लोखंडी मेज. चापाला दोरी बांधायची आणि जाड भिंतीच्या आडोशाला उभं राहून ओढायची. शिकंज्यासमोर भोक पाडलेला पोलादी पत्रा. त्यापुढे जाळीचं दार, आणि पार पलीकडे वाळूचा ढीग, पाट्या, पाट्यांपुढे बुटका बंधारा. दादा त्या बंधाऱ्यामागे पडला होता, म्हणून शिकंज्यापासून तो दिसणं शक्यच नव्हतं.

बाईंनी पाटी पाहिली. कोरी पाटी, आणि मधोमध मुठीएवढ्या जागेत तीन भोकं.

"ही बंदूक एका वेळी किती झाडते?"

"तीन," सुभेदार बाहेरूनच म्हणाला. "थोरली आहे ती. चाप दाबला की तीन, आणि बंद. कितीही दाबून धरा, चौथी निघत नाही."

बाई वळल्या. कारखान्याचा डॉक्टर हात पुसत उभा होता.

"डॉक्टर, दादांच्या अंगातून गोळी पार गेली का?"

"नाही. आतच आहे."

तीन गोळ्या पाटीत. एक दादाच्या छातीत. चौथी गोळी थोरलीची नव्हतीच.

"आणखी एक सांगतो," डॉक्टर हळू आवाजात म्हणाला. "गोळी लागल्यावर लगेच नाही गेले ते. वाळूत कोपरांचे ओरखडे आहेत. बराच वेळ सरपटायचा प्रयत्न केलाय त्यांनी."

२

साहेबांना घाई होती.

"अपघात आहे हो, सरळ सरळ," ते येरझाऱ्या घालत म्हणाले. "माझा मेहुणा होता तो. घरी बायको जमिनीवर डोकं आपटतेय. पण म्हणून कारखाना बंद ठेवता येत नाही. बाहेर मालमोटारी भरून उभ्या आहेत. सुभेदार चुकला. तसं लिहा आणि मोकळ्या व्हा."

"मोटारींत काय आहे?"

"धाकटी. आमची नवी बंदूक."

"दादांनी पास केली होती?"

साहेबांनी रुमालानं मान पुसली. "करणारच होता. आज शेवटची चाचणी होती."

"धाकटी कुठल्या कपाटात असते? किल्ली कुणाकडे?"

"दादाकडे एक, माझ्याकडे एक, आमच्या रचनाकार सरांकडे एक. पण धाकटीचा इथे संबंध काय?"

बाई बोगद्यात परतल्या. सुभेदाराला त्यांनी हाताला धरून उठवलं.

"तू आलास तेव्हा थोरली शिकंज्यात होती?"

"होती. भरलेली. दादा नेहमी तयार ठेवतात म्हणून मला वेगळं काही वाटलं नाही." तो थबकला. "वास मात्र ताज्या धुराचा होता. मला वाटलं, कालचा राहिला असेल."

थोरलीची नळी पोलादी पत्र्याच्या भोकातून चांगली हातभर पलीकडे गेली होती. बाईंनी पलीकडच्या बाजूनं पत्र्यावर बोट फिरवलं. काजळी होती, नळीच्या तोंडातून उडणारी, जिथे असायला हवी तिथेच. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी अलीकडच्या बाजूनंही बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं. त्या बाजूला काजळीचा थर जास्त जाड होता, आणि चिमटीत घेतला तर अजून मऊ लागत होता.

"सुभेदार, नळीचं तोंड पत्र्याच्या पलीकडे असेल तर काजळी अलीकडे कशी येईल?"

सुभेदार पत्र्याकडे बघतच राहिला. "नाही येणार. कुठल्यातरी आखूड नळीच्या बंदुकीनंच..."

कारखान्यात आखूड नळीची बंदूक एकच होती: धाकटी.

३

रचनाकाराला सगळे नुसतं 'सर' म्हणत. पांढरे केस, स्वच्छ सदरा, शांत आवाज. परदेशी बंदुका विकत घेणं बंद होऊन आपल्या बंदुका आपण घडवू लागलो, ते यांच्या कागदावरच्या रेघांमुळे, असं साहेबांनी आदरानं सांगितलं होतं. खोलीच्या भिंतीवर तीन बंदुका ओळीनं टांगलेल्या.

"समजावून सांगा मला," बाई म्हणाल्या. "मला सगळ्या सारख्याच दिसतात."

सर हसले. लेकींबद्दल बोलावं तसं बोलू लागले.

"तिन्ही बहिणी. काडतूस एकच, पोटातले निम्मे भाग एकच. ही थोरली. लांब नळी, घट्ट दस्ता. एका दमात तीन गोळ्या, त्याही नेमक्या. पायी लढणाऱ्या शिपायासाठी. ही जाडी. नळी जाड, खाली दोन पाय. ही चाप दाबून धरला की थांबतच नाही. म्हणून हिला एक वेगळी खोड लावलीय. चाप सोडला की हिचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा दट्ट्या, मागेच थांबतो. नळी रिकामी राहते, वारा लागतो, थंड होते."

"आणि थोरलीचा?"

"थोरलीचा पुढे जातो. पुढचं काडतूस नळीत बसवूनच थांबतो. ती तापत नाही ना फारशी, म्हणून चालतं."

"आणि धाकटी?"

सरांनी तिसरी बंदूक खाली काढली. नळी आखूड, दस्ता घडी घालून कुशीत बसणारा. "ही रणगाड्यातल्या, मोटारीतल्या माणसासाठी. अरुंद जागेत लढायचं, निवड करायला वेळ नसतो. म्हणून हिला एकेरीही नाही, तिहेरीही नाही. दाबली की सुटत राहते. माझ्या आयुष्याचं काम आहे हे, बाई."

"बोल्ट कुणावर गेलाय? थोरलीवर की जाडीवर?"

सरांनी बंदूक पुन्हा खुंटीवर अडकवली. खुंटी सापडायला त्यांना जरा वेळच लागला.

"त्यात सुधारणा केलीय," ते म्हणाले.

"आज सकाळी बोगद्यात धाकटी झाडली होती का?"

"छे. आठवडाभर ती कपाटातून बाहेर निघालेली नाही."

बाईंनी खिशातला हात बाहेर काढला नाही. बोटावरची काजळी अजून तशीच होती.

४

बोगद्याच्या भिंतीला लागून जुळणीचं दालन होतं. तिथे बंदुकांचे भाग एकत्र येत. दालनाची प्रमुख एक पन्नाशीची बाई, सगळ्यांची मावशी. सकाळी विचारलं तेव्हा तिनं हात झटकले होते: यंत्रांचा गोंगाट, मला काही ऐकू आलं नाही. आता बाई पुन्हा आल्या आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या.

"मावशी, पहिल्या पाळीच्या आधी यंत्रं चालू नसतात. मी विचारलंय."

मावशीचं तोंड उतरलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. "माझ्या हातून झालं असेल, तर?" ती पुटपुटली.

"काय झालं असेल?"

"धाकट्या माझ्याच टेबलावर जुळल्यात सगळ्या. एखादा भाग मीच चुकीचा बसवला असेल आणि त्यानंच दादा गेला असेल, तर?" तिला रडू फुटलं.

"ऐकलंत काय ते सांगा. बाकीचं मी बघते."

मावशीनं पदरानं डोळे पुसले. "आधी लांबलचक आवाज. जाड कापड टरकावल्यासारखा, परत परत. असा थोरलीचा नसतो. मग शांत. मी म्हटलं, झाली चाचणी, दादा पाटी बदलायला गेला असेल. आणि मग एक. एकच. थोबाडीत मारल्यासारखा कडक."

"एकच? नक्की?"

"दचकून हातातला पाना पडला माझ्या, विसरेन कशी? मग बराच वेळ काही नाही. आणि मग थोरलीचं नेहमीचं, तीन ठोके. ते सुभेदाराचे."

बाईंनी मनाशी जुळवून पाहिलं. धाकटीला एकेरी नाही. माणसानं चाप दाबला असता तर एकच गोळी सुटून थांबली नसती. निदान दोन-चार तरी गेल्या असत्या. मग ती एक गोळी झाडली कुणी?

आणि मग उत्तर आपोआप समोर आलं. कुणीच नाही. नळी लालबुंद तापलेली, बोल्ट थोरलीसारखा पुढे, आत एक जिवंत काडतूस शेकत बसलेलं. ते शेकता शेकता पेटलं. आणि तेव्हा समोर दादा होता.

"मावशी, जाडीचा तो बोल्ट मागे थांबवणारा भाग धाकटीत बसवायचं काही बोलणं झालं होतं?"

"दादा मागेच लागला होता. सर म्हणाले, नव्या घडणीत बसवलाय. काल दादानं मला विचारलं, 'मावशी, बसवलास ना?' मी म्हटलं, माझ्या टेबलावर तर आला नाही, पण सरांनी स्वतःच्या हातानं बसवला असेल. सर खोटं कशाला बोलतील?"

बंदूक आपण होऊन सुटली, इथवर ठीक. पण सुटल्यावर ती आपण होऊन शिकंज्यातून उतरून कपाटात गेली नव्हती. तांबडा दिवाही आपण होऊन हिरवा झाला नव्हता. दादा वाळूत सरपटत असताना आडोशामागे कुणीतरी उभं होतं. कपाटाची किल्ली असलेलं. साहेब, नाहीतर सर.

५

दुपारी बाईंनी सगळ्यांना बोगद्यात बोलावलं. साहेब, सर, मावशी, सुभेदार. शिकंज्यात धाकटी आवळलेली होती.

"मला एकदा बघायचंय ही कशी चालते," बाई म्हणाल्या. "मग मी कागद लिहिते आणि जाते."

साहेबांना हायसं वाटलेलं दिसलं. सरांची नजर धाकटीवर होती.

सगळे आडोशामागे गेले. सुभेदारानं दोरी हातात घेतली आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली, आणि मग त्यांना वाटलं, आपण हे करायला नको होतं. बोगदा फाटला. आवाज कानांतून नव्हे, दातांतून, बरगड्यांतून शिरत होता. त्या मोटारीखालची डांबराची उग्र वाफ त्यांच्या नाकात आली. पळून जावं असं पायांना वाटत होतं. त्यांनी भिंतीचा कोपरा धरून ठेवला, नखं दुखेपर्यंत. सुभेदार थांबला, पुन्हा ओढली, पुन्हा थांबला, पुन्हा ओढली. नळीवरची हवा चुलीवरच्यासारखी थरथरू लागली.

मग शांतता.

"काडतुसांचं मॅगझीन तसंच राहू दे," बाई म्हणाल्या. आवाज आपला नव्हेच असा निघाला. "आता पाटी पाहिजे मला. कोण आणतं?"

सुभेदार जागचा हलला नाही. तसं त्याचं आणि बाईंचं आधीच ठरलं होतं. मावशी खाली बघत राहिली.

"आणतो मी, द्या," साहेब वैतागून म्हणाले. "इथे प्रत्येक कामाला मीच." ते आडोशामागून निघाले, शिकंज्याला वळसा घालून जाळीच्या दाराकडे चालू लागले. दाराच्या पलीकडे नळीची सरळ रेघ होती.

बाई सरांकडे बघत होत्या. सरांचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. साहेबांनी दाराच्या कडीला हात घातला.

"थांब!" सर किंचाळले. एवढ्या शांत माणसाच्या गळ्यातून असा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नसतं. "पुढे जाऊ नकोस! ती सुटेल! ती सुटते!"

साहेब पुतळ्यासारखे उभे राहिले. हात कडीवरच.

बाईंनी मूठ उघडली. मुठीत किल्ली होती. "दाराला कुलूप आहे, सर. कुणी पुढे जाणारच नव्हतं." आणि मग हळूच, "सकाळी नव्हतं."

सर भिंतीला टेकत टेकत खाली बसले.

"साहेबांना माहीत असतं, तर ते दाराकडे गेलेच नसते," बाई म्हणाल्या. "त्यांना नव्हतं माहीत. तुम्हाला होतं. दादाला तुम्ही सांगितलंत की तो भाग बसवलाय. त्या भरवशावर तो पुढे गेला."

"पुढच्या खेपेला बसवणारच होतो," सर म्हणाले. "मोटारी अडल्या असत्या. तो भाग आखूड घडणीत मावत नव्हता, नव्यानं सगळं आखावं लागलं असतं. प्रत्येक वेळी थोडीच सुटते ती? दहा वेळा तापवा, एखाद्या वेळी... मला वाटलं, आज नाही सुटणार."

"आणि सुटली."

"त्यानं हाक मारली मला." सरांनी दोन्ही हातांनी कान झाकले, जणू अजून ऐकू येत होती. "बंधाऱ्यामागून. परत परत. पण मॅगझीन लावलेलं होतं. एक सुटली की दुसरी आपोआप नळीत बसते. नळी तापलेलीच. मी पुढे गेलो असतो आणि ती पुन्हा सुटली असती, तर? मागून हात घालून ती रिकामी करायचं सुचलंच नाही मला. पाय उचलेनात. मी उभा राहिलो, ती निवेपर्यंत. निवली तेव्हा तो गप्प झाला होता."

मावशीनं पदर तोंडाला लावला.

"मग जुनी पाटी काढून तिथे कोरी लावलीत. धाकटी कपाटात, थोरली शिकंज्यात, दिवा हिरवा," बाई म्हणाल्या. "आणि दोरी ओढायला सुभेदार येणारच होता."

सुभेदार आतापर्यंत दोरी धरून उभा होता. ती त्याच्या हातून गळाली. मावशीनं त्याचा दंड धरला. "ऐकलंस का रे? तू नाही मारलंस. तू नाही," ती म्हणत राहिली, आणि तो मोठा माणूस तिच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडला. या कलंकातून मीपण सुटले, असं मावशीच्या चेहऱ्यावर होतं.

सुभेदारानं मग डोळे पुसले, मागच्या बाजूनं हात घालून धाकटी रिकामी केली. आतून निघालेलं काडतूस त्यानं चिमट्यानं धरून वाळूच्या बादलीत टाकलं. ते पेटलं नव्हतं.

"सुटली तर नाही," साहेब म्हणाले. "आता एवढा वेळ झाला, सुटली कुठे? हा घाबरट माणूस काहीही बोलेल. यावरून काय सिद्ध होतं?"

बाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं, आणि ते मेहुण्याच्या दुःखानं नव्हतं. ते काहीतरी वेगळंच होतं.

"साहेब," बाईंनी विचारलं, "बाहेरच्या मोटारींच्या आधी एखादी मोटार गेलीय का?"

६

गेली होती. कालच. दादाच्या सहीची वाट न बघता, वरून फोनवर फोन येत होते म्हणून. सरहद्दीजवळच्या एका छावणीत.

साहेबांच्या खोलीत फोन लावेपर्यंत साहेबांची बोटं तीनदा चुकली. शेवटी बाईंनीच क्रमांक फिरवला. पलीकडे छावणीतला एक तरुण अधिकारी होता, आणि त्याच्या आवाजामागे कापड टरकावल्यासारखा तो आवाज येत होता.

"नव्या बंदुका मिळाल्यात ना तुम्हाला? आखूड?"

"हो, हो! झकास आहेत. आत्ता मैदानावर पोरं त्याच—"

"गोळीबार थांबवा. आत्ता. पण नीट ऐका," बाई म्हणाल्या. "पाट्या बघायला कुणालाही पुढे जाऊ देऊ नका. कुणालाही. बंदुका वाळूकडे तोंड करून तशाच खाली ठेवायला सांगा आणि सगळ्यांना मागे घ्या. कारण मग सांगते."

"पण बाई, पाटीवाले मैदानाच्या दाराशी उभेच आहेत, आता निघतील—"

"धावा!"

फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला. मग बुटांचा. लांब कुठेतरी शिट्टी वाजली, पुन्हा वाजली. टरकणारा आवाज थांबला. कुणीतरी ओरडत होतं, शब्द कळत नव्हते. साहेबांनी टेबलाची कड घट्ट पकडली होती. दारात मावशी आणि सुभेदार येऊन उभे राहिले. बाईंनी फोन कानाला इतका दाबून धरला होता की कानशील ठणकू लागलं. आता शिट्टीही नव्हती. नुसता वारा.

आणि मग एक गोळी सुटली. एकच. कडक.

बाईंनी डोळे मिटले. साहेबांच्या घशातून कसलासा आवाज आला. किती वेळ गेला कोण जाणे, मग पलीकडून फोन उचलल्याचं खरखरणं ऐकू आलं. अधिकारी धापा टाकत होता.

"सगळे मागे आहेत," तो म्हणाला. "सगळे. पाटीवाले दाराशीच होते, त्यांना कॉलरला धरून ओढलं. मोजून घेतलीत मी पोरं." तो थांबला. बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "बाई, पण ती बंदूक जमिनीवर पडलेली होती हो. जवळपाससुद्धा कुणी नव्हतं."